देवळांची कागदावरची नोंद

(लोणखेडा येथील व्याख्यान)



जीर्णोद्धार म्हटला की दगड, चुना, कळस डोळ्यांपुढे येतात. कागद कोणाच्या ध्यानात येत नाही. परंतु पडझड झालेल्या देवळाचे मूळ रूप पुष्कळदा जुन्या सचित्र ग्रंथांतूनच कळते.

साक्री तालुक्यातील बळसाणे आपल्याला दूर नाही. तेथील भग्न देवळे पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्स यांनी दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात घेतली. हा ग्रंथ १९३१ साली निघाला. सिन्नरचे गोंदेश्वर आणि अंबरनाथ हेही त्यात आहेत. अशा ग्रंथांत छायाचित्रे असतात, पण खरी किंमत भुईच्या नकाशाची. गाभारा केवढा, खांब किती, भिंत कोठे किती जाड, हे सारे मापाने काढलेले. मंडप कोसळला तरी तो कसा होता हे त्यावरून सांगता येते.

आपल्याकडे असे प्रत्येक देऊळ 'हेमाडपंती'! हेमाडपंत तेराव्या शतकातले. अंबरनाथचा शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. दोनशे वर्षे आधीचे देऊळ त्यांनी कसे बांधले असेल?

कागद टिकतोच असे मात्र नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत गेल्या. पुढे १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांना हाताशी धरून काम पुन्हा केले. दुर्दैव असे की, त्यांतल्याही अनेक नकला लंडनलाच १८८५ साली जळाल्या. पण ग्रिफिथ्स यांचे दोन खंड १८९६-९७ मध्ये छापून निघाले आणि ग्रंथालयांत पोहोचले. ते राहिले.

म्हणून कोठलेही जुने देऊळ उतरवण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. दगडावर गेरूने आकडा घालावा, तोच वहीत लिहावा. कोरीव अक्षरे असल्यास त्यांवर ऑइलपेंट चढवू नये. तो खरवडताना अक्षरेही जातात. गवंड्याला सोबत घेऊन नकाशा काढावा, आणि तो एकाच वहीत न ठेवता स्मरणिकेत छापावा. स्मरणिका घरोघर जाते.