पेटीतील चिठ्ठ्या



वर्षावासात ग्रंथवाचनासाठी विहारात मुले-मुली जमतात. त्या काळात नांदेड व लातूरच्या काही वस्त्यांत आम्ही एक पेटी ठेवली. वयात येताना शरीराविषयी जे प्रश्न पडतात, ते नाव न घालता लिहून टाका, असे सांगितले. ‘लेकरं बिघडवायला आलात का?’ असे एका मावशींनी तोंडावर विचारले. पहिला आठवडा पेटी रिकामीच राहिली. दुसऱ्या आठवड्यात आठ चिठ्ठ्या निघाल्या.

झोपेत वीर्य गेल्याने अशक्तपणा येतो का, असे एका मुलाने विचारले होते. येत नाही. ही नैसर्गिक गोष्ट आहे. त्यासाठी भिंतीवरच्या जाहिराती वाचून पैसे घालवू नयेत. दुसरी चिठ्ठी मुलीची होती : ‘तीन महिने पाळी नाही. आईला कसे सांगू?’ सुरुवातीची एक-दोन वर्षे पाळी अनियमित असू शकते, आजारानेही चुकते, गर्भही राहिलेला असू शकतो. लिहिणारी कोण, हे आम्ही शोधले नाही. सर्व मुलींसमोर उत्तर वाचले व सरकारी रुग्णालयातील किशोरवयीनांसाठीच्या ‘मैत्री’ क्लिनिकची माहिती दिली. ते अक्षर पेटीत पुन्हा दिसले नाही. ती रुग्णालयात गेली की नाही, हा विचार अजून आमची पाठ सोडत नाही.

र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या अशाच प्रश्नांना उत्तरे देत असत. त्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली बाबासाहेब कर्व्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटला हरला, दंड झाला. पुढे २००७ मध्ये आपल्याच राज्यात शाळांतील लैंगिक शिक्षणावर बंदी आली. म्हणजे प्रश्न पुन्हा वस्तीतच आला.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते. ऊसतोडीला जाताना वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवावी, ही बापाची काळजी खोटी नाही. त्याला नुसता कायदा सांगून भागत नाही. मुलीसाठी वसतिगृह किंवा खात्रीचे घर शोधून द्यावे लागते.

येत्या रविवारी मुलग्यांची बैठक आहे. मुलींशी बोलायला सात भगिनी पुढे आल्या. मुलग्यांसाठी पुरुष दोनच. बांधवांनी सभा संपताच आमच्याकडे नावे द्यावीत.