घरी राहून रुग्णसेवा



खर्डा म्हटले की आपणांपैकी बहुतेकांस ११ मार्च १७९५ ची लढाई आठवते. मराठे आणि निजाम यांच्या त्या संग्रामाचे हे गाव अहिल्यानगर, म्हणजे आपल्या जुन्या नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडील अंगास, जामखेड तालुक्यात आहे. गावापलीकडे थोडे गेले की बीड आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमा लागतात. आजचा माझा विषय मात्र इतिहासाचा नाही. समजा, पुण्याच्या एखाद्या इस्पितळात तीनचार वर्षे रात्रपाळ्या केलेली, नोंदणीकृत परिचारिका असलेली एक मुलगी लग्न होऊन या खर्ड्यास आली. घरी वृद्ध सासूसासरे आहेत, पदरी लहान मूल आहे, आणि मोठे इस्पितळ गाठावयाचे तर रोज एस. टी. चा प्रवास. अशा मुलीने घरी राहून रुग्णसेवेचे काम करावे म्हटले, तर ते मिळेल काय आणि मिळाले तर कशा प्रकारचे असेल, एवढाच प्रश्न आज आपणांपुढे ठेवावयाचा आहे. अशी मुलगी केवळ खर्ड्यासच असते असे नाही. आपल्या शहरांतील बिऱ्हाडांतूनही लेकीसुना या कारणाने घरी बसलेल्या दिसतात.

परिचर्येचा व्यवसाय आपल्या पांढरपेशा घरांत रुजावयास पुष्कळ काळ लागला. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यास सेवासदन निघाले, आणि विधवा व गरजू स्त्रियांस परिचारिकेच्या शिक्षणाची वाट त्या संस्थेने मोकळी करून दिली. कुलीन घरातील स्त्रीने परक्या माणसाची शुश्रूषा करावी, ही कल्पनाच त्या काळी अनेकांस रुचत नव्हती. तो विरोध आता मावळला. आता मुली उघड माथ्याने हे शिक्षण घेतात, परंतु संसाराचा भार पडला की नोकरी सुटते. नोकरी सुटली की महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणीचे दर पाच वर्षांनी करावयाचे नूतनीकरण राहून जाते, आणि मोठ्या कष्टाने मिळविलेली विद्या कपाटातील प्रमाणपत्रापुरती उरते. हे नुकसान एका घराचे नव्हे, समाजाचेही आहे.

घरून करता येण्याजोगी आरोग्यक्षेत्रातील कामे आज ढोबळ मानाने चार प्रकारची आहेत. पहिले काम दूरध्वनीवरील विचारपुशीचे. शस्त्रक्रिया होऊन घरी गेलेला रोगी, मधुमेहाचा वा रक्तदाबाचा जुना रोगी, यांस ठराविक दिवशी फोन करावयाचा, औषधे वेळेवर चालली आहेत की नाहीत, पायास सूज आहे काय, जखम ओली आहे काय, हे विचारावयाचे, आणि काही वावगे आढळल्यास डॉक्टरांस तत्काळ कळवावयाचे. दुसरे काम मेडिकल कोडिंगचे. रोग्याचे कागद वाचून त्याच्या प्रत्येक रोगास व उपचारास ठरलेला सांकेतिक क्रमांक द्यावयाचा. त्यावरून विमा कंपनी पैसे देते. हे काम बहुतांशी अमेरिकेतील इस्पितळांसाठी चालते. त्या देशाने १ ऑक्टोबर २०१५ पासून रोगांच्या वर्गीकरणाची जी दहावी आवृत्ती स्वीकारली, तिच्यात रोगनिदानाचेच सुमारे सत्तर हजार संकेत आहेत. तिसरे काम विम्याच्या दाव्यांची छाननी करण्याचे, अथवा औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासण्याचे. चौथे काम शिकविण्याचे: परिचर्येच्या विद्यार्थिनींस, अथवा परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या परिचारिकांस इंटरनेटवरून परीक्षेची तयारी करवून देणे.

यांपैकी कोडिंगला परिचारिकेचीच पदवी लागते असे नाही; जीवशास्त्र वा औषधनिर्माण शिकलेल्यांसही ते करता येते. परंतु ज्या परिचारिकेने केसपेपर हाताळले आहेत, तिला डॉक्टरांचे शब्द परके वाटत नाहीत, हा तिचा फायदा. त्यासाठी स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते, आणि पुष्कळ कंपन्या आरंभी काही काळ कार्यालयात बसवून काम शिकवितात व नंतरच घरून करू देतात. म्हणून 'पहिल्या दिवसापासून घरी' अशी अपेक्षा धरून निघू नये.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे अवश्य आहे. इंटरनेटवर शोध घेऊ लागले की अमेरिकेतील घरबसल्या परिचारिकेच्या जाहिराती शेकड्यांनी दिसतात, आणि त्यांतील वेतनाचे आकडे पाहून डोळे दिपतात. परंतु रोग्यास परिचारिका म्हणून सल्ला द्यावयाचा तर रोगी ज्या राज्यात असेल त्या राज्यात ग्राह्य असा परवाना लागतो, असा तेथील सर्वसाधारण नियम आहे. त्या परवान्यासाठी तेथील परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, आणि बहुतेक ठिकाणी उमेदवार त्याच देशात राहणारा असावा लागतो. खर्ड्याच्या माळवदाखाली बसून ती नोकरी करता येणार नाही. भारतात बसून अमेरिकेसाठी करावयाचे काम कागदपत्रांचे असते, रोग्याशी बोलण्याचे क्वचितच. त्या कामातही जेथे तेथील वेळ पाळावी लागते, तेथे न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले सायंकाळचे साडेसहा वा साडेसात, हे ध्यानी ठेवावे. मूल निजावयाची वेळ आणि कामावर बसावयाची वेळ एकच होते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. दूर बसून रोग्याची सेवा होऊ शकते काय? फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे उदाहरण या बाबतीत विचार करण्याजोगे आहे. क्रिमियन युद्धातून परतल्यावर ती बाई आजारी पडली आणि पुढील आयुष्याचा बराच काळ तिने खोलीतच काढला. हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्याचा विचार करण्यासाठी १८५९ साली जे राजकीय कमिशन नेमले गेले, त्याच्या कामात तिने त्याच खोलीतून फार मोठा वाटा उचलला. छावण्याछावण्यांकडे प्रश्नावल्या धाडल्या, आलेले आकडे तपासले, आणि पाणी, गटारे व बराकी यांच्या सुधारणेचा पाठपुरावा वर्षानुवर्षे केला. ती हिंदुस्थानात कधीही आली नाही. परंतु हे तिला साधले याचे कारण १८५४ ते १८५६ या काळात स्कुटारीच्या इस्पितळात ती स्वतः रोग्यांच्या खाटांमधून फिरली होती. कागदावरील आकड्यामागे कण्हणारा माणूस कसा दिसतो, हे तिला ठाऊक होते.

दूरवरून करावयाच्या सेवेचे मर्म हेच आहे असे मला वाटते. जिने रोग्याची नाडी हाताने पाहिली आहे, तिलाच फोनवरील आवाजातील धाप ओळखता येते. 'बरं आहे हो' असे म्हणणाऱ्या म्हाताऱ्याचा श्वास प्रत्येक शब्दागणिक तुटतो आहे, हे ज्या कानास उमगते तो कान वॉर्डात तयार होतो. म्हणून नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या मुलीने प्रथमच घरचे काम शोधू नये, निदान दोन वर्षे तरी इस्पितळात घालवावीत, असा माझा आग्रह आहे.

दूरचे ज्ञान आणि जवळचे माणूस यांची जोड कशी घालावी, याचा धडा खर्ड्याच्याच तालुक्यात गिरविला गेला आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगाव शिकलेल्या परिचारिका नेमाव्यात, असा त्यांचा आरंभीचा विचार होता. परंतु बाहेरून आलेल्या तरुण परिचारिकेस परक्या गावात एकटीने राहणे अवघड जाई, आणि गावकऱ्यांचाही तिच्यावर सहजासहजी विश्वास बसत नसे. तेव्हा गावातीलच स्त्रिया निवडाव्यात असे ठरले. त्यांतील अनेकजणी निरक्षर होत्या, अनेक दलित समाजातील होत्या. त्या जामखेडास येऊन शिकत आणि गावी परतून शिकविलेले आचरणात आणीत: बाळंतपण, जुलाबावर मीठसाखरेचे पाणी, लसीकरण, कुष्ठरोगाची व क्षयाची ओळख. १९७१ साली प्रकल्पाच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. १९९६ पर्यंत ते प्रमाण २६ वर आले. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉक्टर दूर जामखेडास असला तरी त्याचे ज्ञान झोपडीपर्यंत पोहोचले, याचे कारण ते पोहोचविणारी बाई झोपडीशेजारीच राहत होती.

आज तंत्र बदलले आहे, तत्त्व तेच आहे. २५ मार्च २०२० रोजी भारत सरकारने दूरवैद्यकाचे नियम प्रसिद्ध केले. रोग्याजवळ बसलेली परिचारिका वा आरोग्यसेविका त्याच्या वतीने डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलू शकते, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. तिने रोग्याची संमती घ्यावयाची, तपासणीची माहिती डॉक्टरांस द्यावयाची, आणि त्यांनी सांगितलेले रोग्यास समजावून द्यावयाचे. औषध लिहून देण्याचा अधिकार मात्र डॉक्टरांचाच. त्याच वर्षी १३ एप्रिल रोजी 'ई-संजीवनी' ही सरकारी सेवा घरी बसलेल्या रोग्यांसाठी खुली झाली, आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्याद्वारे दहा कोटी सल्ले दिले गेले.

ही सेवा गावागावांतील आरोग्य उपकेंद्रांतूनही चालते. २०१८ पासून ही उपकेंद्रे आरोग्यवर्धिनी केंद्रे म्हणून वाढविण्यात आली आणि २०२३ साली त्यांस 'आयुष्मान आरोग्य मंदिर' हे नाव मिळाले. तेथे समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून आयुर्वेदाच्या पदवीधरांप्रमाणेच परिचर्येच्या पदवीधरांनाही नेमतात. नेमणूक कंत्राटी असते आणि मानधनाचा काही भाग कामाच्या मोजमापावर अवलंबून असतो, हे उणेपण लपविण्यात अर्थ नाही. तथापि आमच्या खर्ड्याच्या सुनेस मी प्रथम हेच काम सुचवीन. ते अगदी घरून करावयाचे काम नव्हे. पण घराजवळचे आहे, आणि त्यात तिचे हात व कान दोन्ही उपयोगास येतात. तशी जागा जवळपास रिकामी नसेल, तर पूर्वी जेथे नोकरी केली त्या इस्पितळातील मेट्रनला पत्र घालावे. आपले काम पाहिलेले माणूस फोनवरील विचारपुशीचे काम विश्वासाने सोपविते. अनोळखी जाहिरातीपेक्षा हा मार्ग कितीतरी बरा.

जाहिरातींविषयी एक कठोर नियम सांगून ठेवतो. नोकरी देणारा वेतन देतो, तो उमेदवाराकडून पैसे मागत नाही. नोंदणी फी, संगणकाची अनामत, प्रशिक्षणाचा आगाऊ हप्ता, असे काहीही कोणी मागितले की तेथेच थांबावे. लेखी नेमणूकपत्र, कामाचे तास, वेतनाची तारीख आणि चूक घडल्यास जबाबदारी कोणाची, एवढे कागदावर पाहिल्यावाचून काम आरंभू नये. पैसे गेलेच तर लाज न बाळगता १९३० या सरकारी क्रमांकावर तत्काळ कळवावे. विलंब झाला की ते परत मिळण्याची आशा कमी होते.

आता दोन शब्द घरच्या मंडळींसाठी. घरून काम करणारी सून घरीच असते, म्हणून ती रिकामी आहे असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. ती फोनवर असता दारावर कोणी आले की हाक तिलाच, कुकरची शिटी मोजावयाची तिनेच. परंतु पलीकडच्या टोकास एखादी बाळंतीण अंगावर जास्त जात असल्याचे सांगत असेल, तर त्या क्षणी लक्ष विचलित होणे म्हणजे एखाद्याच्या जिवाशी खेळ. शिवाय रोग्याने सांगितलेली गोष्ट ही त्याची ठेव आहे. ती जावेच्या, नणंदेच्या, शेजारणीच्या कानी पडता कामा नये. लहान गावात तर मुळीच नव्हे, कारण तेथे नाव न सांगताही माणूस ओळखू येतो. म्हणून अशा कामासाठी दार लावता येईल अशी खोली, वीज गेली तरी चालेल असा इन्व्हर्टर, आणि ठरलेल्या तासांत मुलास सांभाळणारे माणूस, या तीन गोष्टी घराने द्यावयास हव्यात. त्या मिळणार नसतील तर काम स्वीकारू नये, असेच मी तिला सांगेन.

शेवटी, जिची नोकरी सुटली आहे तिने उद्याच करावयाची एक गोष्ट. आपली नोंदणी चालू आहे की मुदत संपली आहे, हे पाहावे, आणि संपली असल्यास नूतनीकरणाचा अर्ज करावा. काम आज मिळो वा वर्षाने मिळो, पहिला प्रश्न त्याच कागदाचा येणार आहे. आणि तिच्या सासऱ्यांना व पतीला माझी विनंती आहे की त्या अर्जाची आठवण त्यांनी तिला करून द्यावी.