नंबर गेला, तरी डोळा तोच
(पाणीगेट, बडोदे येथे दिलेले व्याख्यान)



 आजचा विषय तीव्र लघुदृष्टीचा आहे. विशेषतः लेसर शस्त्रक्रिया करवून घेऊन ज्यांनी चष्म्यास रजा दिली, अशांचा.

प्रौढ मनुष्याच्या नेत्रगोलाची लांबी सर्वसाधारणपणे २४ मिलिमीटर असते. ती १ मिलिमीटरने वाढली की सुमारे अडीच ते तीन उणे नंबर येतो. उणे १२ नंबराचा डोळा म्हणजे सुमारे ४ मिलिमीटर अधिक लांब डोळा. आतील दृष्टिपटल त्या प्रमाणात वाढत नाही, ते ताणले जाते. जुने लुगडे विरावे तसे ते कडेला विरळ होते. कधी तेथे छिद्र पडते, आणि छिद्रातून द्रव मागे शिरला की दृष्टिपटल सुटून येते.

लेसर शस्त्रक्रियेत डोळ्याच्या समोरील पारदर्शक पटलाचा, म्हणजे पारपटलाचा, अगदी पातळ थर काढून त्याची वक्रता कमी करतात. नंबर जातो, नेत्रगोलाची लांबी मात्र केसभरही घटत नाही. ‘लेसरने पडदा जळला’ असे लोक म्हणतात, ते खरे नव्हे. ही किरणे पारपटलातच शोषली जातात. लॅसिक पद्धतीत चूषणकडे बसविताना डोळ्यातील दाब काही सेकंद पुष्कळ वाढतो, त्याने आतील काचद्रवास ओढ बसत असावी, असा तर्क आहे. परंतु मूळ धोका लांबलेल्या डोळ्याचाच.

माझ्या पाहण्यातील एक शिक्षिका सांगतो. पूर्वीचा नंबर उणे ११. शस्त्रक्रियेनंतर सहा वर्षांनी डोळ्यांसमोर काजवे चमकू लागले. तपासणीस गेल्या तेव्हा ‘चष्मा आहे का?’ या प्रश्नाला त्यांनी ‘नाही’ असे उत्तर दिले, आणि ते खरेच होते! केसपेपरवर नंबर शून्य लागला, बाहुली विस्फारून कोणी पाहिले नाही. तीन आठवड्यांनी एका बाजूने काळा पडदा उतरला, तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. शस्त्रक्रियेने दृष्टिपटल पुन्हा बसले, पण बारीक अक्षर त्यांना आता त्या डोळ्याने वाचता येत नाही. छिद्र वेळीच दिसले असते तर बाह्यरुग्ण विभागातच त्याच्या भोवती लेसरचे टाके घालता आले असते. हा लेसर निराळा, हेही लक्षात असू द्यावे.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबराचा कागद जपून ठेवावा. पुढे मोतीबिंदू झाल्यास भिंगाची शक्ती काढताना त्याचाच उपयोग होतो, आणि पारपटल पातळ झाल्यामुळे काचबिंदूच्या तपासणीत दाब कमी भरतो, हेही डॉक्टरांस कळते. उत्तरायणात पतंगाकडे पाहताना एखादा जुना ठिपका तरंगताना दिसला तर घाबरू नये. परंतु एकाएकी ठिपक्यांचा पाऊस पडला, वीज चमकल्यासारखे झाले किंवा पडदा सरकला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. सरळ रेषा वाकडी दिसू लागली, तर मध्यबिंदूजवळ रक्तस्राव झालेला असू शकतो. त्यावर आता डोळ्यात इंजेक्शन देऊन उपचार करता येतात.

ज्यांना आजच तपासून घ्यावयाचे आहे त्यांनी सोबत कोणास तरी आणावे. औषधाने बाहुली विस्फारल्यावर काही तास अंधुक दिसते. स्कूटर चालवीत घरी जाऊ नये.