नागोबाच्या मुलखात आपले स्वागत



स्वागत समितीच्या वतीने सर्वांना रामराम. विकसनशील प्रदेशांतली सरकारे लोकांना जाब कसा देतात आणि एकमेकांकडून काय शिकतात, हे सांगायला विद्वान मंडळी समर्थ आहेत. मी कापसाचा अडत्या. मी आपला गावाविषयी बोलतो.

आदिलाबाद हा निजामाच्या राज्यातला जिल्हा. 1956 साली राजुरा आणि किनवट मुंबई राज्यात गेले, 2016 साली उरलेल्याचे चार जिल्हे झाले. जिल्हा आखडत गेला. आमचा अभिमान मात्र तेवढाच राहिला, आणि सीमेपलीकडच्या सोयरिकीही.

आमचे खरे वैभव म्हणजे इंद्रवेल्लीजवळचे केसलापूर. पौष अमावस्येला मेसराम कुळाचे गोंड गोदावरीचे पाणी पायी आणून नागोबाची पूजा करतात आणि त्याच जत्रेत दरबार भरतो. या दरबारामागची गोष्ट अशी: 1940 साली निजामाविरुद्ध लढणारे गोंड पुढारी कुमराम भीम जोडेघाटला गोळीबारात पडले, तेव्हा कुठे निजाम सरकारला जाग आली. गोंडांचे दुखणे जाणून घेण्यासाठी व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ इकडे आले. पत्नी बेट्टींसह ते मारलवाईत राहिले. तिथे गोंड मुलांसाठी शाळा निघाली, शिक्षक तयार झाले, जमिनीच्या पट्ट्यांसाठी त्यांनी सरकारदरबारी पाठपुरावा केला. जत्रेला जमलेल्या लोकांसमोर अधिकाऱ्यांनी बसून गाऱ्हाणी ऐकावीत, ही रीतही त्यांच्याच काळातली. बेट्टी 1987 साली गेल्या. त्यांची समाधी मारलवाईतच आहे. मारलवाई आता शेजारच्या जिल्ह्यात मोडते, पण माणसे आमचीच. संयोजकांनी वेळेची चिठ्ठी पाठवली आहे, मिळाली.

आता परिषदेचा विषय. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली महाराष्ट्राची रोजगार हमी 2005 साली देशाचा कायदा झाली. तो लागू झालेल्या पहिल्या दोनशे जिल्ह्यांत आदिलाबाद होता, तसेच यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेडही. राजस्थानातल्या जनसुनावणीपासून धडा घेऊन तेव्हाच्या आमच्या आंध्र प्रदेशाने सामाजिक लेखापरीक्षण सुरू केले आणि रोजगार हमीच्या कामांचे हजेरीपट गावासमोर वाचले जाऊ लागले. म्हणजे एक गोष्ट महाराष्ट्राकडून आली, दुसरी राजस्थानाकडून. अडत्याच्या बुद्धीने एवढेच सुचवतो की, आमच्या दरबारानेही हजेरीपटाकडून शिकावे. नवी गाऱ्हाणी घेण्याआधी गेल्या वर्षीची वाचून दाखवावीत आणि प्रत्येकीचे काय झाले ते सांगावे. जुनी उधारी वाचल्याशिवाय आमच्या पेढीवर नवे खाते उघडत नाही.

आता क्षमायाचना. इथली थंडी साऱ्या तेलंगणात नावाजलेली, आणि आमचा ब्लँकेटांचा हिशेब चुकला. काही पाहुण्यांना दोघांत एक खोली घ्यावी लागली, गरम पाणी पाळीने मिळाले, वरणात तिखट जरा जास्त पडले. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत चार भाषा आहेत आणि छपाईच्या चुकाही चारही भाषांत आहेत. सारे पोटात घाला.

आभार मानायचे तर रात्र होईल. मंडप देणारे जिनिंगवाले, तांदूळ देणारे व्यापारी, ज्वारी देणारे शेतकरी, खोल्या रिकाम्या करून देणारे वसतिगृहाचे विद्यार्थी, गाड्या देणारे शाळाचालक, पहाटेपासून भाकऱ्या थापणाऱ्या बचतगटाच्या बाया: एकाचेही नाव घेत नाही, कारण एक सुटले तर वर्षभर ऐकावे लागेल.

उद्या दुपारी केसलापूरला बस निघेल. जागा मोजक्या आहेत. नावे आजच नोंदवा.