भिंतीचा रंग आणि घराचा हिशेब

दसरा जवळ आला, कीं नांदेड-लातुरांतील घराघरांतून भिंतींकडे लक्ष जातें. पावसाळ्यांत उमटलेले ओलीचे डाग, स्वयंपाकघरांतील काजळी, मुलांनीं ओढलेल्या रेघा हें सर्व एकदम डोळ्यांत भरूं लागतें. मग बाजारांत भाव विचारले जातात आणि ज्या डब्याचा भाव कमी, तो रंग स्वस्त, असा निर्णय होतो. हा निर्णय पुष्कळदां महाग पडतो. कारण रंगाचा खरा भाव डब्यावर छापलेला नसतो. तो भिंतीवर, आणि तोहि कांहीं वर्षांनीं, कळतो.

म्हणून प्रथम भिंत ओळखावी. या भागांतील जुन्या वाड्यांच्या भिंती दगडाच्या व पांढऱ्या मातीच्या, जाडजूड, आणि वर माळवद. अशी भिंत जमिनींतील ओल शोषते व ती हळूहळू हवेंत सोडते. तिच्यावर प्लास्टिक जातीचा दाट रंग चढविला, तर ओलीची वाट बंद होते, रंगाला फुगे येतात आणि पापुद्रे सुटतात. तिला चुनाच मानवतो. चुनकळी पाण्यांत विझवून भिंतीला लावली, कीं ती हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायु घेऊन पुन्हा चुनखडी बनते; ओल मात्र तिच्यांतून बाहेर पडूं शकते. चुन्याच्या क्षारामुळें बुरशीलाहि आळा बसतो. एका जाड हातापेक्षां दोनतीन पातळ हात द्यावे. सफेदी कपड्यांस लागूं नये म्हणून थोडा डिंक किंवा सरस घालावा, आणि शुभ्रतेसाठीं चिमूटभर नीळ. चुना विझवतांना डोळे जपावे व मुलांना दूर ठेवावें. अशा घरांत जें सर्वांत स्वस्त, तेंच सर्वांत योग्य ठरतें.

विटा-सिमेंटच्या नव्या घरांची गोष्ट निराळी. तेथें डिस्टेंपर व इमल्शन हे दोन पर्याय समोर येतात. डिस्टेंपरमध्यें खडूच्या भुकटीचा भाग मोठा आणि तिला धरून ठेवणाऱ्या द्रव्याचा भाग लहान. म्हणून तो स्वस्त पडतो, पण फार पुसल्यास उतरतो. इमल्शनमध्यें हें धरणारें द्रव्य अधिक असल्यामुळें ओल्या फडक्यानें डाग निघतात. दिवाणखान्याच्या छताला धुण्याजोगा रंग कशाला हवा? उलट मुलांच्या खोलींत आणि जेवणघरांत त्यावर केलेला खर्च वसूल होतो. मात्र नवा गिलावा पुरता वाळल्याशिवाय आणि जुनी सुटी सफेदी खरडून काढल्याशिवाय यांपैकीं कोणताहि रंग धरत नाहीं.

आतां हिशेब. १२ फूट लांब, १० फूट रुंद व १० फूट उंच खोलीच्या चारी भिंती मिळून ४४० चौरस फूट भरतात. दारें-खिडक्यांचे ४५ वजा केले, तर ३९५ उरतात. समजा, एक रंग मजुरीसह चौरस फुटास १२ रुपये पडला आणि ३ वर्षें टिकला. दुसरा १८ रुपये पडला, पण ६ वर्षें टिकला. पहिल्याचे ४,७४० रुपये होतात, दुसऱ्याचे ७,११०. परंतु वर्षाकाठीं पहिला १,५८० रुपयांस पडतो आणि दुसरा १,१८५ रुपयांस. शिवाय सामान हलविण्याचा त्रास एकदां वांचतो. भाड्याच्या घरांत दोनच वर्षें राहावयाचें असेल, तर मात्र पहिलाच रंग शहाणपणाचा.

पैशाच्या हिशेबांत न बसणारी एक गोष्ट शिशाची. शिसें लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक आहे. भारतांत १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत दहा लक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसें असूं नये, असा नियम लागू झाला. डब्यावर तसा उल्लेख पाहूनच रंग घ्यावा. दारें-खिडक्यांचा जुना तैलरंग कोरडा घांसूं नये. पाणी लावून घांसावा आणि निघालेला कचरा झाडूनें न उडवितां ओल्या फडक्यानें टिपावा.

शेवटची गोष्ट भेगांची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला आणि हजारो माणसें घराखालीं गाडलीं गेलीं. मातींत रचलेल्या दगडी भिंतींच्या आंतल्या व बाहेरच्या थरांचा एकमेकांशीं सांधा नव्हता. वरून माळवदाचा भार होता. अशा भिंतींना धक्का सोसवला नाहीं. या जिल्ह्यांत भिंतीची भेग हा केवळ शोभेचा प्रश्न नव्हे. भेग रुंदावत असेल किंवा भिंतीला पोट आलें असेल, तर रंगाऱ्याच्या आधीं इंजिनियरास बोलवावें. पुट्टी भरून आणि वर गुळगुळीत रंग देऊन भेग दिसेनाशी होते, भिंत सांधली जात नाहीं. आणि डोळ्यांआड गेलेल्या भेगेकडे पुढें कोणी पाहात नाहीं.

तेव्हां दसऱ्यासाठीं काढून ठेविलेले पैसे प्रथम भिंतीच्या दुरुस्तीस द्यावे, मग ओल थांबविण्यास, आणि उरतील ते रंगास. या क्रमानें खर्च केला, तर साधी सफेदीहि घराला शोभा देते. क्रम उलटला, तर उंची रंगहि पुढल्या पावसाळ्यांत भिंत सोडतो.