श्रमिकांचे बाबासाहेब



१४ एप्रिल हा दिवस देशभरातील विद्यापीठांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती म्हणून साजरा होतो. उज्जैनमध्ये त्या दिवसाला एक वेगळा संदर्भ आहे. बाबासाहेबांचे मूळ गाव कोकणातील आंबडवे. परंतु वडील सुभेदार रामजी सकपाळ यांच्या लष्करी सेवेमुळे त्यांचा जन्म १८९१ साली माळव्यातील महू येथे झाला. उज्जैनपासून महू ऐंशीएक किलोमीटर अंतरावर आहे. शिंदे संस्थानच्या काळापासून मराठी कुटुंबे वस्ती करून असलेल्या या नगरात १९५७ साली विक्रम विद्यापीठ या नावाने विद्यापीठ सुरू झाले आणि पुढे तेथे बाबासाहेबांच्या नावाचे अध्यासनही निर्माण झाले. अशा ठिकाणी दरवर्षी भरणाऱ्या मेळाव्याने पुष्पहारापलीकडे काय साधावे, हा प्रश्न विचारणे अप्रस्तुत ठरणार नाही.

घटनेचे शिल्पकार म्हणून बाबासाहेब सर्वांना परिचित आहेत. श्रमिकांचे नेते म्हणून त्यांनी केलेले कार्य मात्र त्या मानाने अपरिचित राहिले आहे. परळच्या चाळीत गिरणी कामगारांच्या शेजारी त्यांनी दीर्घकाळ वास्तव्य केले. मुंबईच्या कापडगिरण्यांतील विणकाम खात्यात चांगली मजुरी मिळे. पण अस्पृश्य कामगाराला तेथे प्रवेश नसे. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे आणि त्यामुळे विटाळ होतो, हे त्याचे कारण! एकाच छपराखाली घाम गाळणाऱ्या माणसांत जातीने घातलेली ही भिंत बाबासाहेबांनी पाहिली. म्हणूनच फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथील रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. ब्राह्मण्य म्हणजे एखादी जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता व बंधुता यांचा नकार, हेही त्यांनी तेथेच स्पष्ट केले.

१९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना केली. कोकणात त्या वेळी खोती पद्धत होती. जमीन कसणारा कूळ आणि सरकार यांच्यामध्ये खोत उभा असे आणि पिकाचा मोठा वाटा त्याच्या घरी जाई. कुलाबा जिल्ह्यातील चरी येथील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे जमिनी न कसण्याचा संप चालविला. या शेतकऱ्यांच्या बाजूने बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधानसभेत खोती नष्ट करणारे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधानसभेवर नेला. विधेयक त्या वेळी संमत झाले नाही. खोती कायद्याने संपण्यास १९४९ साल उजाडावे लागले. परंतु अस्पृश्य, कुणबी, आगरी असे सर्व कसणारे एका मागणीसाठी एकत्र चालू शकतात, हे त्या मोर्चाने दाखवून दिले.

त्याच वर्षी मुंबई सरकारने औद्योगिक कलहासंबंधीचे विधेयक आणले. त्यामुळे संपाच्या हक्कावर बंधने येत होती. संपाचा हक्क हा स्वातंत्र्याचाच हक्क होय, अशी भूमिका घेऊन बाबासाहेबांनी सभागृहात विरोध केला आणि ७ नोव्हेंबर १९३८ च्या एक दिवसाच्या संपात कम्युनिस्ट पुढाऱ्यांसमवेत भाग घेतला. मतभेद असूनही कामगारहिताच्या प्रश्नावर हातमिळवणी करण्यास त्यांनी संकोच केला नाही.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. सरकार, मालक आणि कामगार या तिघांच्या प्रतिनिधींना एकत्र बसविणारी त्रिपक्षीय परिषद त्यांच्या कारकिर्दीत स्थिरावली. कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ साली झाली. भरपगारी रजेची तरतूद झाली. कोळसा खाणींतील मजुरांसाठी कल्याणनिधी स्थापन झाला. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली सादर केलेल्या अहवालातून पुढे कर्मचारी राज्य विमा योजनेचा १९४८ चा कायदा आकारास आला. किमान वेतनाचे विधेयकही १९४६ मध्ये मांडले गेले आणि १९४८ साली कायदा झाले.

स्त्री कामगारांच्या प्रश्नाकडे तर त्यांचे लक्ष फार आधीपासून होते. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतिसाहाय्याच्या विधेयकास पाठिंबा देताना, मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असा युक्तिवाद त्यांनी केला. युद्धकाळात कोळशाच्या टंचाईमुळे स्त्रियांना पुन्हा भूमिगत खाणींत काम करण्यास सरकारने परवानगी दिली. त्या निर्णयावर कठोर टीका झाली व मजूर सदस्य या नात्याने बाबासाहेबांनाच तिचे उत्तर द्यावे लागले. स्त्रियांना पुरुषांइतकेच वेतन देण्याचा नियम त्यांनी त्या वेळी पुढे ठेवला. ती परवानगी १९४६ साली मागे घेण्यात आली. राज्यकारभार करताना तत्त्व आणि निकड यांची ओढाताण कशी होते, हे या प्रसंगावरून अधिकाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

उज्जैनला या इतिहासाशी आपले नाते शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. हे एकेकाळी कापडगिरण्यांचे गाव होते. भोंग्याच्या आवाजावर येथील हजारो कुटुंबांचा दिवस चाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस गिरण्या बंद पडत गेल्या. विनोद-विमल गिरणीच्या कामगारांना आपल्या थकलेल्या रकमेसाठी अनेक वर्षे थांबावे लागले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. वाट पाहतापाहताच काहींचे आयुष्य सरले. कायदा पुस्तकात असणे आणि त्याचा लाभ घरात पोहोचणे, यांतील अंतर किती मोठे असू शकते, याचे याहून बोलके उदाहरण कोणते?

हे अंतर कमी करणे हेच जयंतीचे खरे कार्य होय. संसदेने २०१९ व २०२० साली जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता संमत केल्या. कायद्यांची नावे व कलमे बदलतात. परंतु वीटभट्टीवरील मजूर, बांधकामावरील स्त्री, शेतावरील सालदार यांना आपला हक्क कोणता व तो कोणाकडे मागावा हे ठाऊक नसेल, तर कोणतीही संहिता त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून विद्यापीठाच्या वार्षिक मेळाव्याने भाषणांबरोबर थोडा हिशेबही मांडावा. विद्यार्थ्यांनी सुटीत चार गावे निवडून मजुरीचा प्रत्यक्ष दर आणि शासनाने ठरविलेला दर यांची तुलना करावी व ती पुढच्या १४ एप्रिलला सभेपुढे ठेवावी. शिक्षकांनी हजेरीपट व वेतनचिठ्ठी वाचण्याचे ज्ञान प्रौढांना द्यावे. अधिकाऱ्यांनी किमान वेतनाचे दर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सोप्या भाषेत लावावेत आणि आलेल्या अर्जाची पोच त्याच दिवशी द्यावी. ग्रामस्थांनी आपल्या शेतावर राबणाऱ्या स्त्रीला पुरुषाइतकी मजुरी देण्यास स्वतःपासून प्रारंभ करावा.

शिका, संघटित व्हा आणि संघर्ष करा, हा बाबासाहेबांचा संदेश भिंतीभिंतींवर लिहिलेला दिसतो. त्यातील पहिला शब्द विद्यापीठाच्या वाट्याचा आहे. ज्या विद्यापीठाच्या वेशीबाहेरील मजुराला आपल्या मजुरीचा दर वाचता येऊ लागेल, त्या विद्यापीठाने महूच्या या सुपुत्राची जयंती खऱ्या अर्थाने साजरी केली, असे म्हणता येईल.