पिंजऱ्यांतील पाण्याची वाटी



आजच्या भाषणाचा विषय आपणांस कदाचित् क्षुल्लक वाटेल. पिंजऱ्याच्या गजांना अडकविलेली पाण्याची एक लहानशी वाटी, एवढाच तो विषय. तिच्यांत अर्धें फुलपात्र पाणीसुद्धां मावत नाहीं. परंतु पिंजऱ्यांतील जीवाचें आरोग्य ज्या दोन-चार गोष्टींवर अवलंबून असतें, त्यांत या वाटीचें स्थान फार वरचें आहे. आणि सुशिक्षित घरांतूनहि तिच्याकडे द्यावें तितकें लक्ष दिलें जात नाहीं, असें माझें मत आहे.

आरंभींच एक खुलासा करतों. आपल्या रानांतील पोपट, मुनिया इत्यादि पक्षी पकडणें व पिंजऱ्यांत ठेवणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें गुन्हा आहे. त्यांची जागा झाडावर. मी बोलणार आहें तें पिंजऱ्यांतच पिढ्यान् पिढ्या वाढलेल्या परदेशी पक्ष्यांविषयीं, आणि त्यांतहि मुख्यतः बजरीगराविषयीं. आपल्याकडे बाजारांत त्याला पुष्कळदां ‘लव्हबर्ड’ म्हणूनच विकतात. पण खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा, आणि हा ऑस्ट्रेलियाचा. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञानें १८४० सालीं तो जिवंत असा इंग्लंडांत आणला, आणि पुढें तो जगभर घरोघर जाऊन पोंचला.

हा पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागांतील रुक्ष प्रदेशाचा. तेथें त्याचे थवेच्या थवे पाऊस पडेल तिकडे भटकत असतात. कोरड्या बियांवर, पाण्याविना, तो बरेच दिवस तग धरूं शकतो, हें प्रयोगांतहि दिसून आलें आहे. यावरून कांहीं लोक असा निष्कर्ष काढतात कीं, याला पाण्याचें फारसें महत्त्व नाहीं. हा निष्कर्ष चुकीचा आहे. तहान सोसण्याची शक्ति निराळी आणि घाणेरडें पाणी पचविण्याची शक्ति निराळी. रानांत एक पाणवठा गढूळ झाला तर थवा उडून दुसऱ्या पाणवठ्यावर जातो. पिंजऱ्यांत दुसरा पाणवठा नसतो. जें समोर असेल तें प्यावयाचें, किंवा तहानलेलें रहावयाचें. त्याची निवड करण्याची मोकळीक आपण काढून घेतली आहे; म्हणून त्याच्या वतीनें निवड करण्याचें कर्तव्यहि आपल्यावरच येऊन पडतें.

पक्षी पाळणारे लोक बहुधा विचारतात, “त्याला पाणी कोणतें द्यावें? नळाचें, उकळलेलें कीं गाळलेलें?” याचें उत्तर सोपें आहे. जें पाणी घरांतील लहान मुलास आपण निःशंकपणें देतों, तेंच पक्ष्यास द्यावें. पावसाळ्यांत नळाचें पाणी गढूळ येऊं लागलें तर तें निवळून, उकळून, थंड करून द्यावें. तुरटीनें गाळ खालीं बसतो, परंतु रोगजंतु मरतात असें नव्हे. यासाठीं तुरटी फिरविल्यावरहि उकळणें आवश्यकच.

पण खरा प्रश्न हा नव्हेच. पाणी कोठून आणलें यापेक्षां, वाटींत पडल्यावर त्याचें काय झालें, हें अधिक महत्त्वाचें आहे.

सकाळीं सात वाजतां आपण स्वच्छ पाणी भरलें. पक्षी राळे सोलून खातो. त्याचीं टरफलें उडून पाण्यांत पडतात. चोंचीला चिकटलेला भाजीचा किंवा फळाचा अंश पाण्यांत उतरतो. वाटीच्या वर बसण्याची दांडी असेल तर विष्ठाहि त्यांतच पडते. नळाच्या पाण्यांत जो थोडा क्लोरिन असतो, तो उघड्या भांड्यांतून, विशेषतः उन्हांत, लवकरच उडून जातो. उकळलेल्या पाण्यांत तर असा पहारेकरी नसतोच. म्हणजे दुपारपर्यंत पाण्यांत जंतूंना खाद्य पुरेसें असतें, ऊब असते आणि अडविणारें कोणी नसतें.

पुढचा हिशेब मुलांनाहि करतां येईल. कांहीं जंतु अनुकूल परिस्थितींत वीस मिनिटांत दुप्पट होतात. एकाचे तासाभरांत आठ, दोन तासांत चौसष्ट, आणि सहा तासांत २,६२,१४४! वाटींतील वाढ प्रत्येक वेळीं इतक्या वेगानें होतेच असें नाहीं. पण वाढीची रीत हीच. आणि तरीहि पाणी डोळ्यांना निर्मळच दिसूं शकतें.

वाटी रिकामी करून आंतल्या बाजूनें बोट फिरवा. बुळबुळीत लागलें तर तो जंतूंनीं स्वतःसाठीं बांधलेला थर समजावा. नुसतें पाणी विसळून टाकल्यानें तो जात नाहीं. त्यावर ताजें पाणी ओतणें म्हणजे न धुतलेल्या पातेल्यांत दूध तापविण्यासारखेंच आहे. बजरीगर आणि कबुतरें यांच्या घशांत व अन्नमार्गांत रोग उत्पन्न करणारा ट्रायकोमोनस नांवाचा एक सूक्ष्म जीव आहे. तो एकाच भांड्यांतील पाण्यावाटे एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे जातो. मात्र कोरडेपणा त्याला सहन होत नाहीं. यांतच आपला उपाय आहे.

तो उपाय असा. प्रत्येक पिंजऱ्यासाठीं दोन वाट्या ठेवाव्या. एक पिंजऱ्यांत असतांना दुसरी साबण व ब्रश यांनीं घासून, भरपूर पाण्यानें धुऊन, उन्हांत पूर्ण वाळवावी. दुसऱ्या दिवशीं अदलाबदल करावी. पाणी दिवसांतून निदान दोनदां बदलावें, चैत्र-वैशाखांत तीनदां. ब्रश निराळा असावा, आणि वाटी स्वयंपाकाच्या भांड्यांत मिसळूं नये. धुऊन झाल्यावर हात साबणानें धुवावे, कारण पक्ष्याच्या विष्ठेंतून कांहीं रोग माणसालाहि होऊं शकतात.

वाटी चिनी मातीची, कांचेची किंवा स्टेनलेस स्टीलची असावी. जस्ताचा मुलामा दिलेलें पत्र्याचें भांडें मुळींच वापरूं नये. जस्त पोटांत गेल्यास पक्ष्यास विषबाधा होते. पितळेंतहि जस्त असतें, म्हणून जुनी पितळी वाटी कितीहि सुंदर दिसली तरी ती फळीवरच शोभेल. वाटी दांडीच्या खालीं न ठेवतां बाजूला, दांडीच्याच उंचीवर, सावलींत अडकवावी. आंघोळीसाठीं उथळ ताटली निराळी द्यावी आणि अर्ध्या तासानें काढून घ्यावी.

कांहीं घरीं नळीची बाटली लावतात. तिच्यांत विष्ठा पडत नाहीं, हें खरें. परंतु नळीच्या टोकाची गोळी अडकली तर बाटली भरलेली असूनहि पक्षी तहानेनें मरेल. म्हणून रोज सकाळीं गोळीला बोट लावून थेंब येतो कीं नाहीं हें पहावें, आणि नवी बाटली लावल्यावर पक्षी तिच्यांतून पितो अशी खात्री होईपर्यंत वाटी काढूं नये.

पाण्यांत ग्लुकोज किंवा जीवनसत्त्वाचे थेंब टाकण्याची हौस आवरावी. त्यानें जंतूंचेंच पोषण होतें, आणि चव बदलल्यामुळें पक्षी पाणी कमी पितो. औषध पाण्यांतून द्यावयाचें असल्यास तें पशुवैद्याच्या सल्ल्यानेंच द्यावें.

इतकी दक्षता कशासाठीं, असें कोणी विचारील. बजरीगराचें वजन तीस-चाळीस ग्रॅम, आणि त्याचें दिवसाचें पिणें जेमतेम एक चहाचा चमचा. एवढ्याशा देहांत आजाराशीं झुंजण्याला सांठा तो किती असणार? शिवाय पक्षी आपलें दुखणें लपवितो. रानांत दुबळा दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या दृष्टीस आधीं पडतो. पिसें फुलवून तो पिंजऱ्याच्या तळाशीं बसलेला आपणांस दिसतो, तेव्हां दुखणें बहुधा पुष्कळ पुढें गेलेलें असतें. अशा वेळीं घरगुती उपाय करीत न बसतां पशुवैद्याकडे जावें.

हाच नियम गच्चीवर चिमण्यांसाठीं ठेवलेल्या परळालाहि लागूं आहे. ती आपली चांगली चाल आहे. पण तें पाणीहि रोज ओतून टाकून परळ घासला पाहिजे. डेंग्यू पसरविणाऱ्या डासाचीं अंडीं भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यांत महिनोन् महिने टिकतात, आणि पाणी मिळतांच त्यांतून अळ्या निघतात. चिमणीची पाणपोई शेजाऱ्याच्या तापाचें कारण होऊं नये.

हें काम घरांतील एखाद्या मुलाकडे सोंपवावें असें मी सुचवीन. मात्र वडील माणसानें रोज एकदां वाटींत बोट फिरवून पहावें. मूल परीक्षेच्या गडबडींत असेल, पाहुणे आले असतील, आपण स्वतः गांवाला जाणार असाल. पक्ष्याची तहान यांतील कोणत्याहि कारणासाठीं थांबत नाहीं. गांवाला जातांना शेजाऱ्यांकडे किल्लीबरोबर धुतलेली दुसरी वाटीहि द्यावी, आणि ती केव्हां बदलावयाची हें नीट समजावून सांगावें.